एकच राक्षसी भोपळा, भोवती घरची भाजी: जागा, पाणी, वेल, फळ यांचा हिशोब

(वाफा, खुरपं, मांडव, ओलावा, चवळी आणि पर्णभार ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावे. प्रश्न वाफा यांचे.)

वाफा

१० मीटर × ६ मीटर मोकळी जागा, दिवसभर ऊन. मधोमध एकच राक्षसी भोपळा घ्यायचा आणि लांब बाजूंच्या कडेने घरापुरती भाजी, असा बेत आहे. विचारायचे ते असे: बी कुठले घ्यावे? एका वेलीला किती जागा खरोखर लागते? पाणी रोज किती? आणि कडेला कुठल्या भाज्या चालतील? विक्रम करायचा नाही, पण फळ दोघांना उचलता येणार नाही इतके तरी व्हावे. 'भरपूर खत, भरपूर पाणी' यापलीकडचे नेमके सांगितलेत तर बरे.

खुरपं

आधी बियाण्याचे बोलू. ते चुकले तर पुढच्या पाच महिन्यांच्या मेहनतीने भरून निघत नाही.

भोपळा या एका नावाखाली निदान तीन जाती येतात: मॅक्सिमा, मोशाटा आणि पेपो. राक्षसी फळ मॅक्सिमालाच धरते. देठ पाहिला की ओळख पटते. मॅक्सिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असतो. मोशाटाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरलेला. मोशाटा उष्णता चांगली सोसतो, चवीलाही सरस, पण त्याला काहीही घातले तरी तो राक्षस होणार नाही. ते त्याच्या रक्तातच नाही.

आज वजनाच्या स्पर्धांत उतरणारी जवळजवळ सगळी फळे 'ॲटलांटिक जायंट' या एका वाणाच्या वंशातली आहेत. कॅनडात नोव्हा स्कॉशियामधल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षे निवड करत तो तयार केला. त्याआधीचा विक्रम विल्यम वॉर्नॉक यांचा होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंड, १९०४ ला सेंट लुईसमध्ये ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो. तो १९७६ पर्यंत टिकला. डिल यांचे १९८१ चे फळ ४९३.५ पौंडांचे होते, २२४ किलोच्या आसपास. त्यानंतर आकडे कसे उसळले पाहा: २०१२ मध्ये रॉन वॉलेस ९११ किलो, २०१४ मध्ये बेनी मायर १,०५४, २०२१ मध्ये स्तेफानो कुत्रुपी १,२२६, २०२३ मध्ये ट्रॅव्हिस गिंगर १,२४७ आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांचे १,२७८.८ किलो. पहिल्या पाऊणशे वर्षांत आकडा हललाच नाही, आणि वंशावळ नोंदवून ठरवून परागीभवन सुरू झाल्यावर तो सहापटीच्या वर गेला. म्हणून या मंडळींत बियांना नाव असते ते वजन आणि बागायतदाराचे, उदाहरणार्थ '२००९ वॉलेस': २००९ हे साल नाही, पौंड आहेत.

पाकिटावर नुसते 'ॲटलांटिक जायंट' लिहिलेले बी हे त्याच वंशातले, पण बहुधा खुल्या परागीभवनाचे, म्हणजे मधमाश्यांनी कुठल्याही वेलीचा पराग आणलेले. एक रोप जोमदार तर शेजारचे सामान्य, असा फरक पडतो. चार बिया लावा, दोन रोपे जमिनीत जाऊ द्या, तीन आठवड्यांनी एकच ठेवा. दोन वेली ४०-४५ चौरस मीटरमध्ये कोंबल्या तर दोन मध्यम फळे मिळतात, एक मोठे मिळत नाही.

मांडव

बी लावायची पद्धत, नेमकी:

साल जाड असते, म्हणून दोन्ही कडा बारीक पॉलिशपेपरवर हलक्या घासायच्या. टोकदार बाजूला हात लावायचा नाही, कोंब तिथून येतो. दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवायचं. किमान १५ सेंमी व्यासाची कुंडी, दोन-अडीच सेंमी खोल, टोक खाली. माती २८ ते ३२ अंशांवर राहिली तर चार-सहा दिवसांत उगवतं. गार, ओल्या मातीत तेच बी कुजतं, आणि दोष बियाण्यावर येतो.

पहिलं खरं पान (सुरुवातीची दोन जाड दलं नव्हे, त्यानंतरचं खरबरीत पान) दिसलं की लगेच जमिनीत हलवा. उगवल्यापासून सात-दहा दिवस, त्याहून जास्त नाही. मुळं कुंडीत गोल फिरली की ती सवय पुढे सुटत नाही. मातीचा गड्डा न फुटता उतरला पाहिजे.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांकडून राहते: मुख्य वेल पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध दिशेला धावते. त्यामुळे रोप लावताना ते पान मागच्या कुंपणाकडे वळवा. तुमच्या जागेत रोप ६ मीटरच्या बाजूच्या मधोमध, कडेपासून मीटरभर आत. वेल समोरच्या टोकाकडे सरळ जाईल. उलटं लावलंत तर कोवळी वेल वळवावी लागते आणि बुंध्यापाशीच पिचते.

ओलावा

जागा आणि पाणी माझ्याकडे.

स्पर्धेवाले एका वेलीला साधारण ६०० ते १,००० चौरस फूट देतात, म्हणजे ५५ ते ९३ चौरस मीटर. तुम्ही दोन्ही लांब बाजूंना ६० सेंमीचे भाजीचे वाफे सोडलेत आणि बुंध्यामागे मीटरभर, तर वेलीला ४.८ × ९ म्हणजे सुमारे ४३ चौरस मीटर उरतात. विक्रमाला कमी, पण तुमच्या हेतूला पुरेसे. फळाचे वजन म्हणजे पानांनी उन्हातून कमावलेली साखर आणि मुळांनी ओढलेले पाणी. जागा देता म्हणजे पानांना ऊन देता. त्यामुळे एकावर एक पाने चढवून काही साधत नाही, खालची पाने नुसती श्वास घेत खर्च करतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. पूर्ण पसरलेली वेल स्वच्छ उन्हाच्या, मध्यम गरम दिवशी साधारण ६ मिमी पाणी हवेत सोडते. ४३ × ६ = २५८, म्हणजे रोज अडीचशे ते पावणेतीनशे लिटर. ढगाळ दिवशी निम्मे. रोप लहान असताना दिवसाला दोन-चार लिटर पुरतात, हेही लक्षात असू द्या. सुरुवातीला जास्त पाणी दिलेले रोप मुळे खोल पाठवत नाही.

ठिबक घालत असाल तर वेल पसरण्यापूर्वीच नळ्या अंथरा, नंतर पानांखालून हात जात नाही. ६० सेंमी अंतराने ८ नळ्या, प्रत्येकी ९ मीटर, दर ३० सेंमीला ताशी २ लिटरचा ड्रीपर. म्हणजे २४० ड्रीपर, ताशी ४८० लिटर. २६० लिटर द्यायला ३२-३३ मिनिटे. हलकी माती असेल तर हेच सकाळ-दुपार दोन हप्त्यांत.

फळ वाढायला लागल्यावर पाण्यातला चढउतार हा सगळ्यात मोठा शत्रू. तीन दिवस कोरडे आणि चौथ्या दिवशी दुप्पट, असे झाले की फळ फुटते. थोडे कमी चालेल, पण रोज सारखे द्या.

वाफा

जमीन तयार करताना काय घालायचे? शेणखत ताजे मिळू शकते.

खुरपं

ताजे नको. लावणीच्या दोन-तीन महिने आधी घालून मातीत जिरत असेल तरच. ताज्या शेणातला अमोनिया कोवळी मुळे जाळतो, आणि तणाचे बी येते ते वेगळेच.

पूर्ण कुजलेले खत ५ सेंमी थर: ४३ चौरस मीटरला सव्वादोन घनमीटरच्या आसपास. वरच्या २०-२५ सेंमीत मिसळा. लावणीच्या जागी मीटरभर व्यासाचा, १५-२० सेंमी उंच उंचवटा करा. पाणी बुंध्याशी साचू देऊ नका. सामू (मातीचा pH) ६.५ ते ६.८ राखायचा आहे. माती तपासल्याशिवाय चुना किंवा गंधक टाकू नका. ही एक तपासणी बाकी सगळ्या खतांपेक्षा जास्त उपयोगाची आहे, कारण बरीचशी परसबागेची माती वर्षानुवर्षे खत खाऊन स्फुरदाने आधीच तुडुंब असते आणि तिथे आणखी स्फुरद घातले की जस्त आणि लोह उचलले जात नाही.

नत्राबद्दल माझे मत ठाम आहे: वेल पसरेपर्यंत नत्र, फळ धरल्यावर हात आखडता आणि पालाशाकडे वळायचे. फळ भरताना नत्राचा मोठा डोस दिला तर ते झपाट्याने फुगते, साल तग धरत नाही, तडा जातो. विद्राव्य खत देत असाल तर लिटरला १-२ ग्रॅम, आठवड्याला एकदा. 'आज जरा जास्त' हा मोह टाळा.

मांडव

वेलीची मांडणी. वरून पाहिलं तर निमुळत्या झाडासारखा आकार हवा: मधे मुख्य वेल, दोन्ही बाजूंना काटकोनात दुय्यम वेली, बुंध्याकडच्या लांब आणि टोकाकडच्या आखूड. दुय्यम वेलींवर फुटणारे तिसऱ्या फळीचे फुटवे दिसले की चिमटून टाका. नखाने निघतात तोवरच. बोटाएवढे जाड झाल्यावर कापलेत तर जखम मोठी होते.

तुमच्या रुंदीत दुय्यम वेल दोन-सव्वादोन मीटरला पोचली की शेंडा खुडा आणि खुडलेलं टोक मातीत दाबून टाका.

आता गाडणं. प्रत्येक पेऱ्याशी, जिथून पान निघतं तिथे, मूळ फुटायची तयारी असते. वेलीखाली ८-१० सेंमीची चर काढा, वेल त्यात बसवा, पेऱ्यावर भुसभुशीत खत-माती टाका, पानाचा देठ उभा बाहेर. आठ-दहा दिवसांनी हलकेच ओढून पाहा, वेल जागची हलत नसेल तर मूळ धरलंय. असं प्रत्येक पेऱ्याला एकेक नवं रोप मिळाल्यासारखं आहे. बुंध्याला काही झालं तरी वेल जगते, आणि वाऱ्याने उलटत नाही. शेवटचं अर्धा-पाऊण मीटर कोवळं टोक मात्र उघडं ठेवा.

ओलावा

यावर थोडी दुरुस्ती. चिकण, जड मातीत वेल गाडली की पाऊस लागून राहिल्यावर तीच जागा कुजायला सुरुवात होते. तिथे चर काढू नका. वेल जमिनीवरच ठेवून पेऱ्यावर मूठभर खत आणि वाळू टाका. मुळे तितकीच येतात.

मांडव

मान्य. जड मातीत तसंच करा. बुंधा तर कुठल्याच मातीत झाकू नका, त्याला वारा लागला पाहिजे. बुंध्याजवळची पहिली दोन-तीन पानं म्हातारी झाली की कोरड्या दिवशी कापून काढा. तिथे ओल साठून तपकिरी फेस येऊ लागला तर सगळी वेल धोक्यात असते. सडलेला भाग चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, कोरडा होऊ द्या, छोटा पंखा लावता आला तर उत्तम.

चवळी

कडेच्या भाजीबद्दल. वेलीला जागा व्यापायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर मधली जमीन रिकामी ठेवण्याची गरज नाही. मुळा २५-३० दिवसांत निघतो, पालक आणि लेट्यूसची कोवळी पानेही तेवढ्याच वेळात. फक्त वेलीच्या वाटेवर, मधल्या मीटरभर पट्ट्यात काही पेरू नका आणि वेल एक मीटरवर आली की तिच्या पुढची भाजी कापून घ्या. उपटू नका, तोवर भोपळ्याची बारीक मुळे पानांच्या बऱ्याच पुढे गेलेली असतात. त्याच कारणाने वेलीच्या पट्ट्यात कुदळ आणि खोल खुरपणी बंद. तण हाताने काढा, वर आच्छादन घाला.

कडेच्या ६० सेंमी वाफ्यांत:

उंच पिके (टोमॅटो, मांडवावरचा घेवडा) अशा बाजूला घ्या की त्यांची सावली वेलीवर पडणार नाही. दुसऱ्या बाजूला कांदा, गाजर, बीट, मिरची. टोमॅटो ५०-६० सेंमीवर, एका काठीला एक, बगलफुटवे काढून. गाजराला ताजे खत अजिबात नको, मुळाला फाटे फुटतात.

काकडी, दोडका, कलिंगड, दुधी यांतले काहीही या जागेत लावू नका. मावा आणि पांढरी माशी त्यांच्यावरून विषाणू घेऊन सरळ भोपळ्यावर जाते, आणि मोझॅक लागलेल्या वेलीला औषध नाही.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, तो रोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियमची कमतरता नसून पाण्याची अनियमितता असते. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळाकडून वर जाते, पानावर फवारलेले खाली फळात उतरत नाही. त्यामुळे अंड्याची टरफले पुरून किंवा फवारणी करून डाग थांबत नाही. आच्छादन आणि सारखे पाणी, एवढाच इलाज. डाग पडलेली फळे काढून टाका, पुढची नीट येतात.

वाफा

एका ठिकाणी वाचले की काकडीचा पराग भोपळ्यावर गेला तर फळ कडू होते. म्हणून काकडी नको का?

चवळी

नाही, त्याचा काही संबंध नाही. काकडी आणि भोपळा यांचा संकर होतच नाही. आणि दोन भोपळ्यांचा झाला तरी त्याचा परिणाम यंदाच्या फळाच्या गरावर नसतो, फक्त आतल्या बियांवर असतो. फळाचा गर आईच्याच पेशींचा. संकरित बी पुढच्या वर्षी लावले तर वेगळे फळ येते. काकडी नको ती फक्त किडीमुळे.

पर्णभार

परागीभवन आणि फळनिवड यावर लिहितो, कारण वजनाचा पाया या पंधरवड्यात पडतो.

मादी फूल ओळखायला सोपे: पाकळ्यांखाली लिंबाएवढा पिवळा गोळा असतो. मुख्य वेलीवर बुंध्यापासून तीन ते चार मीटरवर येणारे मादी फूल निवडा. त्याआधीची काढून टाका. जवळ धरलेले फळ पुढे वेलीला आणि बुंध्याला उचलते, आणि मागे पानेही पुरेशी नसतात.

आदल्या संध्याकाळी कळीचे टोक पिवळे दिसू लागते, म्हणजे उद्या उमलणार. तिला आणि तीन-चार नर कळ्यांना सैल दोरा किंवा जाळीची पिशवी बांधा, म्हणजे मधमाशी आधी येत नाही. पहाटे उमलल्यावर नर फुलाच्या पाकळ्या फाडून टाका आणि मधला परागाने माखलेला दांडा मादीच्या प्रत्येक पाळीवर हलक्या हाताने गोल फिरवा. दाबू नका. पाळ्या मोजा: साधारणतः चार असतात, पाच किंवा सहा असल्या तर बरेच बागायतदार ते फूल आवर्जून ठेवतात. सगळ्या पाळ्यांना पराग लागला पाहिजे, नाहीतर फळ एका बाजूने दबते. काम झाल्यावर फूल पुन्हा बांधा, तारीख लिहून खुंटी रोवा.

हे सकाळी नऊच्या आत. ऊन चढले की पराग निकामी होतो. दिवसाचे तापमान ३३-३५ अंशांच्या वर असेल तर फळ धरतच नाही, गोळा पिवळा पडून चार-पाच दिवसांत गळतो. अशा वेळी फुलावर दाट सावली करा. त्यापेक्षा लावणीची तारीखच उलटी मोजून ठरवावी: बी ते परागीभवन साधारण ६०-७० दिवस, तिथून तोडणीपर्यंत ८० ते १००. परागीभवनानंतरचा दुसरा महिना मध्यम हवेत, रात्री गार असताना यायला हवा.

दोन-तीन फळे धरू द्या. रोज ठरावीक वेळी घेर मोजा. दहा-पंधरा दिवसांत कोणते फळ रोज जास्त वाढते ते दिसते. नुसते मोठे दिसणारे नव्हे, वेगाने वाढणारे ठेवा, आकार उंच आणि गोल असेल तर आणखी चांगले. बाकीची काढा. इथे हात थरथरतो हे खरे, पण दोन फळे ठेवणे म्हणजे दोन्ही अर्धी करणे.

मांडव

फळ धरल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत देठ आणि वेल यांचा कोन काटकोन करून घ्या. सुरुवातीला देठ वेलीला चिकटून तिरपा असतो, आणि फळाचा खांदा फुगला की तो वेलीला ढकलून देठ तोडतो. वेल रोज चार-पाच सेंमी सरकवायची, फळापासून बाहेरच्या बाजूला वाक देऊन. दुपारनंतर सरकवा, तेव्हा वेल जराशी मलूल आणि लवचिक असते. पहाटे ती पाण्याने ताठ भरलेली असते, तेव्हा वाकवलीत तर काकडीसारखी कटकन मोडते.

फळाच्या दोन्ही बाजूंचे ६० ते ९० सेंमीपर्यंतचे पेरे गाडू नका. तिथे मुळं धरलीच असतील तर ती कापा. फळ उंच होत जातं तशी वेल वर उचलली गेली पाहिजे. फळावर टेकणारा पानाचा देठ किंवा फुटवा काढून टाका.

फळ मुठीएवढं असतानाच खाली पाच सेंमी कोरडी वाळू आणि त्यावर पाणी झिरपेल असं विणलेलं कापड. लाकडी फळी नको, तिच्याखाली ओल कोंडते. वरून पांढऱ्या कापडाची सावली, फळाला न टेकणारी. उन्हात साल लवकर कडक होते, आणि कडक साल वाढीला अडवते किंवा तडकते.

वाफा

दोन शंका. दुपारी सगळी पाने मान टाकतात, तेव्हा लगेच पाणी द्यायचे का? आणि पानांवर शिरांच्या कडेने पांढरट ठिपके असले तर ती भुरीच (पानांवरची पांढरी बुरशी) समजायची?

ओलावा

पहिल्याचे उत्तर: आधी माती बघा. १५ सेंमी खोल बोट किंवा खुरपी घाला. ओल असेल, मूठ वळत असेल तर पाणी देऊ नका. कडक उन्हात मोठी पाने जितके पाणी सोडतात तितके मुळे त्या तासाला पुरवू शकत नाहीत, सूर्य कलला की पाने उभी राहतात. संध्याकाळी सातला किंवा सकाळीही मान खालीच असेल तर मात्र काहीतरी बिघडले आहे: कोरडी माती, बुंध्याची सड, मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या) गाठी किंवा खोडात शिरलेली अळी. बुंध्याजवळ भुशासारखी ओली विष्ठा दिसली तर अळीच. वेल लांबीच्या दिशेने चिरून अळी काढा आणि तो भाग मातीने झाका.

खुरपं

दुसऱ्याचे: बोटाने चोळा. भुरी पिठासारखी बोटाला लागते. काही भोपळ्यांच्या पानांवर शिरांच्या कोनांत चंदेरी डाग जन्मजात असतात, ते पुसले जात नाहीत आणि दोन्ही बाजूंना सारखे, नक्षीसारखे दिसतात. त्यांना काही करू नका.

खरी भुरी आधी जुन्या, सावलीतल्या पानांवर गोल ठिपक्यांनी येते. पान ओले राहिल्याने ती वाढते हा गैरसमज आहे. कोरडी पाने आणि दमट रात्री तिला पुरतात. ठिपके पाच-सहा पानांवर असतानाच सुरुवात करा: पाण्यात मिसळणारे गंधक लेबलावरील मात्रेत, पण तापमान ३० अंशांच्या वर असताना नाही आणि तेलाच्या (निंबोळी तेलसुद्धा) फवारणीनंतर दोन आठवडे नाही. हे दोन एकत्र आले की पाने करपतात. सौम्य उपाय म्हणून एक भाग दूध, नऊ भाग पाणी, दर आठवड्याला, उन्हात. सुरुवातीला उपयोग होतो, सगळी वेल पांढरी झाल्यावर नाही.

फळमाशी असेल तिथे फळ धरल्यापासून पहिले दोन-तीन आठवडे पातळ कापडी पिशवीत ठेवा, आणि क्यू-ल्युअरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे वेलीपासून थोडे दूर. तांबडे भुंगेरे रोप लहान असताना दोन दिवसांत पानांची चाळण करतात. तेव्हा जाळीखाली ठेवणे हाच खात्रीचा उपाय, सकाळी गारव्यात ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचा. कुठलीही फवारणी फुले मिटल्यावर, संध्याकाळी. मधमाश्या गेल्या तर टोमॅटो-घेवडा तग धरेल, भोपळा नाही.

वाफा

तडा गेलाच तर? आणि वजनाचा अंदाज तोडण्याआधी बांधता येतो का?

पर्णभार

तडा कुठे गेला त्यावर आहे. देठाभोवतीच्या वर्तुळात किंवा खांद्यावर वरवरची चीर असेल तर ती कोरडी ठेवा. पाऊस-दव लागू नये, पंख्याचा वारा लागत राहावा, कडांना गंधकाची भुकटी. बुचासारखी खपली धरते आणि फळ वाढत राहते. खरा धोका मध्यरात्र ते पहाट या वेळेत असतो, कारण तेव्हा पाने पाणी सोडत नाहीत आणि सगळा दाब फळात जातो. मोठ्या पावसानंतर, कोरड्या आठवड्यानंतर, हेच. त्या काळात पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्या. चीर आरपार पोकळीपर्यंत गेली असेल (आत बोट किंवा काडी जाते, आंबूस वास येतो) तर ते फळ स्पर्धेतून बाद, आणि वाढवत ठेवण्यातही अर्थ नाही. त्याच दिवशी काढून कापा.

वजनासाठी शिवणाचा टेप पुरतो. तीन मापे इंचात: एक, जमिनीला समांतर सगळ्यात मोठा घेर; दोन, देठाकडच्या जमिनीपासून फुलाच्या टोकाकडच्या जमिनीपर्यंत वरून; तीन, एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत वरून. तिन्हींची बेरीज करून स्पर्धेवाल्यांच्या तक्त्यात वजन पाहतात. तक्ता हाताशी नसला तरी एवढे ध्यानात ठेवा: तिन्ही मापे १० टक्क्यांनी वाढली तर वजन जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते (१.१ × १.१ × १.१ = १.३३). त्यामुळे शेवटच्या आठवड्यात टेपवर दोन सेंमी दिसले तरी आत किलोकिलोने भर पडत असते. तरीही त्याच मापांचे एक फळ जड आणि एक हलके निघते, कारण गराची जाडी बाहेरून दिसत नाही.

मांडव

तोडताना देठाच्या दोन्ही बाजूंना वेलीचा वीतभर तुकडा ठेवा. देठाला धरून कधीही उचलू नका, तिथूनच मोडतो. शंभर किलोच्या वरचं फळ असेल तर त्याखाली मजबूत ताडपत्री सरकवायची: एका बाजूला हलकं कलंडवून अर्धी गुंडाळी खाली, मग दुसऱ्या बाजूने ओढून घ्या, आणि सहा-आठ जण कडा धरून उचला. कलंडवताना टेकायची जागा गादीने मऊ करा. पोकळ फळ आहे, एका टोकावर सगळं वजन आलं की आतून तडकतं.

चवळी

फळ निघाल्यावर वेल मातीत गाडू नका, भुरी आणि सड झालेली असेल तर बाहेर काढा. त्याच जागी पुन्हा भोपळा घ्यायचा असेल तर मधल्या काळात मोहरी दाट पेरा. फुलावर आली की बारीक चिरून त्याच तासात मातीत मिसळा आणि वर पाणी द्या, कारण तिच्यातला तिखट वायू लगेच उडतो आणि तोच सूत्रकृमी-बुरशीला दाबतो. दोन-तीन आठवडे थांबून मग लावणी. बिया धुऊन, सावलीत पातळ पसरून तीन आठवडे वाळवा. वाकवल्यावर न मुडपता कटकन तुटली की वाळली समजा, आणि मग काचेच्या बाटलीत गार जागी ठेवा. चिठ्ठीवर आई-वेलीचे बी, बाप-वेलीचे बी, फळाचे वजन आणि वर्ष लिहा. पुढच्या लावणीला त्या चिठ्ठीशिवाय बी म्हणजे पुन्हा पाकिटातलेच बी.

वाफा

नळ्यांची लांबी, वेलीची दिशा आणि वाफे कागदावर आखून घेतले. मोहरी आताच पेरतो, म्हणजे लावणीआधी तीन आठवडे मोकळे मिळतील. मातीचा नमुना किती खोलीवरून घ्यायचा?

खुरपं

१५ ते २० सेंमी. पाच-सहा ठिकाणचा 'व्ही' आकाराचा खड्डा करून बाजूची चकती घ्या, बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवून त्यातले अर्धा किलो पाठवा. मोहरी पेरायच्या आधी घ्या, खत घातल्यावर नाही.